मन्सूऱ्याचा काझी आणि खिलाफतीचा प्रश्न

इस्लाममध्ये धर्म आणि राज्य ही दोन नाहीतच, ती एकच आहेत. सबब मुसलमान मनुष्य ऐहिक राज्याचा मनापासून पुरस्कार करूच शकत नाही, असे एक विधान आपण सर्वांनी कितीदा तरी ऐकलेले आहे. गंमत अशी की, हे विधान करणाऱ्यांत इस्लामचे कट्टर अभिमानी असतात आणि इस्लामचे कट्टर टीकाकारही असतात. एरवी कोणत्याही गोष्टीवर ज्यांचे पटावयाचे नाही, त्या दोन पक्षांचे येथे मात्र संपूर्ण एकमत असते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा एकमताचा थोडा संशय यावयास हवा. आम्हांला तो आला. म्हणून ज्याने हे विधान शास्त्राच्याच आधाराने खोडून काढले आणि त्यापायी नोकरी गमावली, अशा एका धर्मपंडिताची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाचे आम्ही योजले आहे. हा गृहस्थ युरोपात वाढलेला पुढारी नव्हता की बंडखोर कवी नव्हता. तो ईजिप्तमधील मन्सूरा शहरी शरियतीच्या न्यायालयात बसणारा काझी होता.

हकीकतीची सुरुवात मात्र ईजिप्तमध्ये नाही, तुर्कस्तानात आहे. १ नोव्हेंबर १९२२ रोजी अंकाऱ्याच्या राष्ट्रीय सभेने सुलतानपद रद्द केले आणि खलिफाचे पद नावापुरते मागे ठेवले. ३ मार्च १९२४ रोजी तेही गेले. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांना देशाबाहेर जावे लागले. त्या दिवशी सभेत न्यायमंत्री सय्यद बे यांनी जे प्रदीर्घ भाषण केले, ते आमच्या मते या साऱ्या वादाचा पहिला मोठा दस्तऐवज होय. सय्यद बे स्वतः धर्मशास्त्राचे पंडित होते. त्यांनी युरोपातील तत्त्ववेत्त्यांचे दाखले देत बसण्याऐवजी जुन्या शास्त्रकारांचेच आधार काढले, आणि खिलाफत ही श्रद्धेची बाब नसून व्यवहाराची आहे, ती एक प्रकारची वकिली आहे आणि वकीलपत्र देणारा समाज ते परतही घेऊ शकतो, असे प्रतिपादन केले. खरी खिलाफत पैगंबरांच्या पश्चात तीस वर्षेच टिकेल, पुढे राजेशाही येईल, ही परंपरेने मानलेली हदीसही त्यांनी हाताशी घेतली होती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तुर्कस्तानाने पुढे जे केले, ते धर्म आणि राज्य यांची फारकत होती असे सरसकट म्हणता येत नाही. त्याच ३ मार्चला तेथे धर्मव्यवहाराचे एक सरकारी खाते निघाले. मशिदीतील इमाम सरकारी पगारावर आले. धर्माला राज्यापासून दूर करण्याऐवजी त्याला एका खात्याच्या कपाटात बंद केले गेले, आणि तेही एकाच पक्षाची सत्ता असताना. लोकशाहीत हा प्रश्न कसा सुटतो, हे पाहावयाचे तर तुर्कस्तान आपल्याला फारसे उपयोगी पडत नाही.

आपल्या देशाशी या प्रकरणाचा संबंध किती निकटचा होता, हे आता विस्मरणात जाऊ लागले आहे. खिलाफत चळवळीचे मुख्य केंद्र मुंबई. भायखळ्याचे खिलाफत हाऊस त्याची साक्ष देत उभे आहे. १९२० साली मौलाना आझादांनी खिलाफतीच्या समर्थनार्थ उर्दूत प्रबंध लिहिला, आणि त्याचा अरबी अनुवाद कैरोच्या ‘अल्-मनार’ मासिकात प्रसिद्ध झाला. खलिफाचे पद राखावे म्हणून नोव्हेंबर १९२३ मध्ये आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी तुर्की पंतप्रधानांस पत्र धाडले, त्याचा परिणाम उलटाच होऊन अंकाऱ्यातील मंडळी अधिक बिथरली. दोघेही शिया, आणि वकिली सुन्नी खलिफाची. इतिहासाला विनोदाचे वावडे नसते. पदच्युत खलिफाला पुढे निजामाने वेतन बांधून दिले, त्याच्या कन्येचा विवाह १९३१ मध्ये निजामाच्या थोरल्या पुत्राशी झाला, आणि वेरूळजवळच्या खुलदाबादेस त्याच्यासाठी कबरही बांधली गेली. तो १९४४ साली पॅरिसमध्ये वारला आणि त्याचे दफन अखेर मदिनेस झाले. खुलदाबादची कबर रिकामीच राहिली.

आता ईजिप्तकडे वळू. तुर्कस्तानातील गादी रिकामी होताच तिच्याकडे अनेकांचे डोळे लागले. हेजाझचा राजा हुसेन याने तर त्याच महिन्यात स्वतःस खलिफा म्हणवून घेतले. परंतु वर्ष संपण्यापूर्वी मक्का त्याच्या हातून इब्न सौदकडे गेली. ईजिप्तचा राजा फुआद अधिक धूर्त होता. त्याने स्वतः काही न बोलता अल्-अझरच्या पंडितांकडून खिलाफतीचा विचार करण्यासाठी कैरोस एक परिषद बोलावण्याचा घाट घातला. इंग्रजांच्या कृपेने राज्यावर बसलेला आणि नव्या घटनेने ज्याचे पंख थोडेसे कापले होते असा हा राजा खलिफा झाला असता, तर घटनेने जे काढून घेतले ते धर्माच्या दाराने त्याला परत मिळाले असते. प्रश्नाचे मर्म येथे आहे. कैरोतील वाद हा पंडितांचा वितंडवाद नव्हता. देशाचा राजा कोणाला जबाबदार, लोकसभेला की परमेश्वराला, हा तो वाद होता.

ईजिप्तची घटना १९२३ ची. तिच्या बाराव्या कलमाने श्रद्धास्वातंत्र्य निरपवाद दिले, आणि एकशे एकोणपन्नासाव्या कलमाने इस्लाम हा राज्याचा धर्म ठरवला. हे दुसरे कलम मसुदा समितीत शेख महंमद बखित यांनी सुचवले आणि ते विनाचर्चा, एकमताने मंजूर झाले. समितीतील ख्रिस्ती सभासदांनीही हरकत घेतली नाही. एका शोभेच्या वाक्याने कोणाचे काय बिघडणार, असेच सर्वांना वाटले असावे. दोनच वर्षांनी बिघडले.

एप्रिल १९२५ मध्ये ‘इस्लाम आणि राज्यसत्तेची मूलतत्त्वे’ अशा अर्थाच्या नावाचे शंभर-सव्वाशे पानांचे एक पुस्तक कैरोत निघाले. लेखक शेख अली अब्दुर्राझिक. जन्म १८८८ चा, उत्तर ईजिप्तच्या नव्हे तर दक्षिणेकडील मिन्या प्रांतातला. घराणे जमीनदारांचे आणि राजकारणातले. शिक्षण अल्-अझरमध्ये, त्याबरोबर कैरोच्या नव्या विद्यापीठातील व्याख्याने, आणि काही काळ ऑक्सफर्ड. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते परतले आणि शरियतीच्या न्यायालयात काझी झाले. हे पुस्तक आपण का लिहिले, याचे त्यांनी दिलेले कारण आम्हांला फार बोलके वाटते. काझी झाल्यावर काझीपदाचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा, असे त्यांच्या मनाने घेतले. काझीचा अधिकार येतो राज्यसत्तेपासून. राज्यसत्तेचा पाया म्हणून शास्त्रकार दाखवतात खिलाफत. तेव्हा खिलाफतीचा पाया कशात आहे, हे पाहिले पाहिजे. आपल्या खुर्चीचे पाय तपासता तपासता हा मनुष्य सिंहासनाच्या पायांपर्यंत जाऊन पोचला, आणि तेथे त्याला काहीच सापडले नाही.

पुस्तकाची मांडणी वकिली पद्धतीची आहे. प्रथम प्रश्न : खिलाफत आवश्यक आहे असे कुराण सांगते काय? शेख अलींचे उत्तर, नाही. ‘तुमच्यातील अधिकारी पुरुषांचे ऐका’ अशा आशयाचे जे वचन नेहमी पुढे केले जाते, त्यातून अधिकारी असल्यास त्यांचे ऐकावे एवढेच निघते. एकच खलिफा असावा आणि त्याने साऱ्या मुसलमानांवर राज्य करावे, हे निघत नाही. हदीसींचीही तीच गत. उरले तिसरे प्रमाण, ते समाजाच्या एकमताचे. येथे लेखक शास्त्र सोडून इतिहासात शिरतो आणि विचारतो की, तलवारीच्या धाकाखाली मिळालेल्या संमतीला एकमत म्हणावयाचे काय? पहिले दोन-तीन खलिफा वगळले तर गादी नेहमी बळानेच मिळाली आणि बळानेच टिकली, हे त्यांचे म्हणणे. खलिफाची सत्ता ईश्वराकडून येते असे मानणारे आणि ती समाजाकडून येते असे मानणारे असे दोन पक्ष जुन्या ग्रंथांतूनच वेगळे काढून त्यांनी त्यांची तुलना हॉब्ज आणि लॉक यांच्याशी केली आहे.

इथवर कदाचित खपून गेले असते. सय्यद बे यांनी यातील पुष्कळसे म्हटलेच होते. परंतु शेख अली एक पाऊल पुढे गेले, आणि ते पाऊल फार मोठे होते. मदिनेतील पैगंबरांची सत्ता कोणत्या जातीची होती, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. पैगंबर राजे होते काय? त्यांचे उत्तर असे की, पैगंबरांची सत्ता कोणत्याही राजापेक्षा मोठी होती, पण ती प्रेषिताची सत्ता होती. माणसांच्या अंतःकरणावर चालणारी. राज्य म्हणून तिच्याकडे पाहावे तर अंदाजपत्रक, न्यायखाते, अधिकाऱ्यांची उतरंड आणि मुख्य म्हणजे वारसाची व्यवस्था, यांपैकी काहीही स्पष्टपणे लावून दिलेले आढळत नाही. ज्या महापुरुषाने धर्माची बारीकसारीक अंगे सांगितली, त्याने राज्य स्थापावयाचे असते तर राज्याविषयी असे मौन पाळले नसते. सबब पैगंबरांबरोबर प्रेषितत्व संपले, आणि अबू बकर यांच्यापासून जे सुरू झाले ते अरबांचे ऐहिक राज्य होय. अबू बकर यांना कर नाकारणाऱ्या टोळ्यांशी जी युद्धे झाली, त्यांतील कित्येक लोक स्वतःला मुसलमानच म्हणवीत होते. ती युद्धे धर्माची नव्हती, राजकारणाची होती, असेही त्यांनी लिहिले. निष्कर्ष सरळ आहे. मुसलमानांनी जुनी राज्यव्यवस्था मोडून टाकावी आणि मानवी बुद्धीने व राष्ट्रांच्या अनुभवाने जी उत्तम ठरली असेल ती उभारावी, याला त्यांच्या धर्माची आडकाठी नाही.

या युक्तिवादात कच्चे दुवे नाहीत असे आमचे म्हणणे नाही. मदिनेत तह झाले, मोहिमा निघाल्या, कर वसूल झाले. या गोष्टी केवळ अंतःकरणावरील सत्तेत बसवणे कठीण जाते, आणि विरोधकांनी नेमके याच जागी बोट ठेवले. शेख बखित यांनी खंडनपर ग्रंथ लिहिला. त्याची मौज अशी की, खिलाफतीचे समर्थन करताना त्यांनीही खलिफाची सत्ता लोकांकडूनच येते असे ठासून सांगितले. म्हणजे वाद हरला की जिंकला ते बाजूला राहो, राजाच्या दैवी अधिकाराचे समर्थन करण्यास फारसे कोणी पुढे आले नाही. दुसरे एक खंडन शेख महंमद अल्-खिद्र हुसेन यांचे. ते राजा फुआदला अर्पण केलेले आहे. ‘अल्-मनार’चे संपादक रशीद रिदा यांनी तर हा इस्लामवरील हल्लाच ठरवला.

१२ ऑगस्ट १९२५ रोजी अल्-अझरच्या वरिष्ठ पंडितांच्या मंडळापुढे खटला उभा राहिला. अध्यक्ष अल्-अझरचे प्रमुख, आणि सभासद चोवीस. शेख अली आत आले व त्यांनी सलाम केला, तेव्हा कोणीही उत्तर दिले नाही, असे सांगतात. आरोप सात होते. शरियत ही केवळ आध्यात्मिक आहे असे म्हटले, हा पहिला. अबू बकर यांचे राज्य धार्मिक नव्हते असे म्हटले, हा शेवटचा. सहावा आरोप मोठा चमत्कारिक आहे : काझीचे काम हे धर्मकार्य नव्हे असे म्हटले, हा. आणि आरोपी स्वतः काझी! निकाल एकमताने विरुद्ध गेला. १९११ च्या अल्-अझरविषयक कायद्याच्या एकशे एकाव्या कलमान्वये त्यांचे नाव पंडितांच्या यादीतून कमी करण्यात आले.

पंडितांनी एखाद्याला आपल्या पंक्तीतून उठवावे, यात नवल कसले? पुण्यातील श्रोत्यांना तर पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण आठवल्याखेरीज राहणार नाही. १८९० साली मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पण रानडे त्या वेळीही सरकारी न्यायाधीश होते, आणि ग्रामण्याने त्यांच्या न्यायासनाला धक्का लागला नाही. उलट १८९३ मध्ये ते मुंबईच्या हायकोर्टात गेले. ईजिप्तमधील एकशे एकावे कलम निराळे होते. त्यात लिहिले होते की, यादीतून नाव गेले की सर्व नोकऱ्या गेल्या, कोठूनही मिळणारे वेतन बंद झाले, आणि धार्मिक असो वा नसो, कोणत्याही सार्वजनिक पदास तो मनुष्य अपात्र झाला. म्हणजे बहिष्कार धर्मपीठाने घालावा आणि त्याची अंमलबजावणी सरकारने करावी. ज्या गोष्टीविरुद्ध शेख अलींनी पुस्तक लिहिले, ती त्यांच्याच अंगावर सप्रयोग सिद्ध झाली.

सरकारने अंमलबजावणी करावयाची म्हणजे न्यायमंत्र्याने सही करावयाची. न्यायमंत्री होते अब्दुल अझीझ फहमी, नाणावलेले कायदेपंडित आणि उदारमतवादी घटनापक्षाचे अध्यक्ष. त्यांनी सही केली नाही. १९११ चे हे कलम १९२३ च्या घटनेतील विचारस्वातंत्र्याशी सुसंगत आहे काय, असा प्रश्न त्यांनी सरकारी कायदेतज्ज्ञांकडे पाठवला. लोकशाहीतील न्यायमंत्र्याने दुसरे काय करावे? पंतप्रधान झिवर पाशा त्या वेळी युरोपात होते. हंगामी पंतप्रधान याह्या इब्राहिम यांनी सप्टेंबरच्या आरंभी राजाकडून फहमींना बडतर्फ करविले. त्यावर त्यांच्या पक्षाचे इतर मंत्रीही बाहेर पडले आणि संयुक्त मंत्रिमंडळ मोडले. पुस्तकावरून मंत्रिमंडळ मोडल्याची उदाहरणे जगात थोडीच असतील.

येथपर्यंतची कथा ऐकून श्रोत्यांची सहानुभूती उदारमतवादी पक्षाकडे वळली असेल. ती वळावी हे योग्य. पण पूर्ण वळू नये. हा पक्ष ज्या मंत्रिमंडळात बसला होता, ते लोकांनी निवडलेले नव्हते. मार्च १९२५ मध्ये नवी लोकसभा भरली, आणि ज्या दिवशी भरली त्याच दिवशी राजाने ती विसर्जित केली. कारण तीत झगलूल पाशांच्या वफ्द पक्षाचे बळ दिसून आले. विचारस्वातंत्र्यासाठी मंत्रिपद सोडणारी ही मंडळी लोकसभेला कुलूप असताना मंत्रिपदावर होती, आणि १९२८ मध्ये त्याच पक्षाच्या महंमद महमूद पाशांनी लोकसभेचे काम तीन वर्षांसाठी तहकूब केले. उलटपक्षी लोकांचे पुढारी झगलूल पाशा. त्यांना शेख अलींचे पुस्तक मुळीच रुचले नाही. ज्यांना स्वातंत्र्य कळत होते त्यांच्यामागे लोक नव्हते, आणि ज्यांच्यामागे लोक होते त्यांना या एका स्वातंत्र्याची गरज वाटली नाही. ईजिप्तमधील ऐहिक राज्याच्या कल्पनेचे पुढे जे झाले, त्याचे बीज आम्हांला येथे दिसते.

तथापि पुस्तक वाया गेले असे समजू नये. मे १९२६ मध्ये कैरोची खिलाफत परिषद भरली, आणि सध्याच्या परिस्थितीत खिलाफत स्थापणे शक्य नाही असे ठरवून उठली. फुआदचे स्वप्न विरले. पुढे १९३७ साली त्याचा मुलगा फारूख याने राज्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली, तेव्हा अल्-अझरचे प्रमुख शेख मरागी यांच्या मनात राज्यारोहणाचा धार्मिक सोहळा करावयाचे होते. पंतप्रधान नह्हास पाशा वफ्द पक्षाचे, स्वतः निष्ठावान मुसलमान. राजाला सत्ता घटनेने मिळते, शपथ लोकसभेत होईल, असा आग्रह त्यांनी धरला आणि शपथ लोकसभेतच झाली. एका तपापूर्वी झगलूलांना जे नको होते, ते त्यांच्या वारसाने कृतीत आणले.

शेख अलींचे दिवसही पालटले. १९४५ च्या अखेरीस त्यांचे वडील बंधू मुस्तफा हे अल्-अझरचे प्रमुख झाले. त्यानंतर त्यांचे नाव पुन्हा पंडितांच्या यादीत आले, आणि ते वक्फ खात्याचे मंत्रीही झाले. मात्र तो जुना वाद त्यांनी पुन्हा पेटवला नाही. तो पेटवला दुसऱ्या एका अझरीने. १९५० साली खालिद महंमद खालिद यांचे पुस्तक निघाले; त्यात पुरोहितशाही आणि धर्मराज्य यांवर घणाघाती टीका होती. पुस्तक जप्त झाले, आणि न्यायालयाने ते सोडवले. हेच खालिद १९६१ मध्ये नासरच्या तोंडावर लोकशाहीची बाजू मांडण्यास उभे राहिले. १९८१ मध्ये मात्र त्यांनी धर्म आणि राज्य यांविषयीचे आपले पहिले मत जाहीरपणे मागे घेतले. लोकशाहीचा आग्रह तेवढा सोडला नाही.

फरज फूदा यांना मत बदलण्याइतके आयुष्यच मिळाले नाही. शेतीशास्त्राचे हे प्राध्यापक वफ्द पक्षात होते; १९८४ च्या निवडणुकीसाठी पक्षाने मुस्लिम ब्रदरहूडशी हातमिळवणी करताच ते बाहेर पडले. जानेवारी १९९२ मध्ये कैरोच्या ग्रंथजत्रेत हजारो श्रोत्यांपुढे, अशाच एका व्यासपीठावर, त्यांनी ऐहिक राज्याची बाजू मांडली. समोर प्रतिपक्षात शेख महंमद अल्-गझाली होते. ८ जूनला फूदांना गोळ्या घालण्यात आल्या. आरोपींच्या खटल्यात गझालींनी साक्ष दिली ती बचावाच्या बाजूने.

हे सारे ईजिप्तचे झाले. मुसलमानांची सर्वांत मोठी वस्ती असलेल्या इंडोनेशियाचा मार्ग वेगळा पडला. तेथे जून १९४५ मध्ये घटनेच्या प्रस्तावनेत मुसलमानांवर शरियत पाळण्याचे बंधन घालणारे सात शब्द घातले होते. १८ ऑगस्टच्या सकाळी महंमद हत्ता यांनी काही मुस्लिम पुढाऱ्यांना गाठले, पूर्वेकडील ख्रिस्ती बेटे फुटतील हे पटवले, आणि शब्द गळले. २००२ मध्ये ते परत घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नहदतुल उलमा आणि मुहम्मदिया या तेथील दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांनीच त्यास पाठिंबा दिला नाही. तेथे सौदा पुढाऱ्यांच्या वाटाघाटीतून झाला, आणि तो टिकला.

आपल्याकडे सुधारणेच्या दोन वाटा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एक रानडे-भांडारकरांची, शास्त्रातूनच आधार काढणारी. दुसरी आगरकरांची, बुद्धीखेरीज दुसरे प्रमाण न मानणारी. शेख अली पहिल्या वाटेचे. दुसऱ्या वाटेचा मुसलमान पुढे महाराष्ट्रातच निघाला, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. हमीद दलवाई यांनी कुराणातील वचनांचा अर्थ लावीत बसण्याचे नाकारले. भारताची घटना आणि नागरिकांची समानता एवढेच प्रमाण त्यांनी धरले. १९६६ च्या सप्टेंबरात शेख अली अब्दुर्राझिक वारले. त्याच वर्षी १८ एप्रिलला दलवाईंनी मुंबईच्या सचिवालयावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद व्हावा, बहुपत्नीत्व जावे आणि सर्व नागरिकांना एकच कायदा असावा, ही मागणी होती. मोर्चात सात स्त्रिया होत्या.